मेंदूचा जमाखर्च

पनवेलच्या बाजारपेठेत आयुष्यभर पेढी सांभाळलेले आजोबा हिशेब विसरू लागतात, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून घरचे गप्प बसतात. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. ऊर्जेचा खर्च मात्र सुमारे २० टक्के. हा खर्च पेट स्कॅनमध्ये दिसतो.

मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. अणुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षणही तेथे दिले जाते. तपासणीसाठी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. हा माल इतका नाशवंत, की ११० मिनिटांत निम्माच उरतो. अल्झायमरमध्ये मेंदूचे ठरावीक भाग ती साखर कमी घेतात. अपस्मारात, झटका नसताना, बहुधा झटक्याचे उगमस्थान.

नैराश्य आणि स्किझोफ्रेनियात मात्र संशोधकांना रुग्णसमूहांच्या सरासरीत फरक आढळतो. एकट्या रुग्णाचे निदान अद्याप केवळ प्रतिमेवरून होत नाही. ते डॉक्टरांशी मनमोकळे बोलूनच होते. सोयरिकीच्या भीतीने आजार लपवणे म्हणजे वहीत तोटा न लिहिणे. त्याने तोटा कमी होत नाही. उपाय तेवढा लांबतो.