ध्रुवाजवळचे पठार आणि समुद्रतळाच्या दोन केबली

नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून खूप उत्तरेला, ७८ अक्षांशाच्याही पुढे, स्पिट्सबर्गन नावाचे बेट आहे. त्यावरचे लाँगइयरब्येन हे गाव १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीपायी वसले. आज तिथे अडीच हजारांच्या आसपास माणसे राहतात. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही, आणि वस्तीबाहेर पडायचे तर हिमअस्वलांच्या भीतीने बंदूक जवळ ठेवावी लागते. गावाशेजारी प्लातोबर्गेत नावाचा सपाट माथ्याचा डोंगर आहे. जग त्याला ओळखते ते त्याच्या पोटातल्या बियाण्यांच्या कोठारामुळे; देशोदेशीचे बियाणे २००८ पासून तिथे गोठवून ठेवले जाते. पण त्याच डोंगराच्या माथ्यावर पांढऱ्या घुमटांची एक वस्ती उभी आहे, आणि माझ्या मते या डोंगराची खरी थोरवी तिच्यात आहे.

प्रत्येक घुमटाखाली एक डिश अँटेना आहे. वारा आणि बर्फ यांपासून तिला वाचवण्यासाठी हे आवरण. अशा शंभरावर अँटेना असलेले हे केंद्र म्हणजे स्वालसॅट. त्याची उभारणी १९९७ मध्ये सुरू झाली. ट्रोम्सोची काँग्सबर्ग सॅटेलाइट सर्व्हिसेस, म्हणजे केसॅट, ही कंपनी ते चालवते. इतक्या आडजागी हे केंद्र का, याचे उत्तर उपग्रहांच्या वाटेत आहे. हवामान, समुद्र, शेती, जंगल यांवर नजर ठेवणारे बहुतेक उपग्रह ध्रुवांवरून फिरतात. त्यांची एक फेरी साधारण १०० मिनिटांत पुरी होते आणि तेवढ्यात खालची पृथ्वी थोडी वळलेली असते, म्हणून प्रत्येक फेरी वेगळ्या पट्ट्यावरून जाते. संत्र्याच्या फोडी देठापाशी जशा एकत्र येतात, तशा या साऱ्या वाटा ध्रुवापाशी जवळ येतात. त्यामुळे आपल्या अक्षांशावरच्या केंद्राला असा उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा दिसतो. स्वालसॅटला मात्र त्याच्या दिवसभराच्या चौदाही फेऱ्या दिसतात.

दिसतो तोही फार तर दहा-बारा मिनिटे. तेवढ्या वेळात उपग्रहाने साठवलेले सारे खाली ओतायचे असते. सुओमी एनपीपी हा २०११ मध्ये सोडलेला अमेरिकी हवामान उपग्रह सेकंदाला ३०० मेगाबिटच्या वेगाने डेटा पाठवू शकतो. दहा मिनिटांत तो २२ गिगाबाइटच्या वर जातो. उपग्रहाकडून येणारा प्रवाह आपल्या इंटरनेटसारखा बोलत नाही. त्यात चुका दुरुस्त करणारे जादा बिट गुंफलेले असतात आणि ठरावीक लांबीच्या चौकटींमागून चौकटी एकाच दिशेने येत राहतात. जमिनीवरचा रिसीव्हर त्या चौकटी सोडवतो, आतली पाकिटे जुळवतो आणि डिस्कवर साठवतो. तिथून पुढे ती साध्या संगणक-जाळ्याची पाकिटे होतात.

पुढची खरी अडचण होती ती हे सारे दक्षिणेला न्यायची.

सुरुवातीची काही वर्षे बेटाला बाहेरच्या जगाशी जोडणारा दुवाही उपग्रहाचाच होता. विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह इथून क्षितिजापासून जेमतेम ३ अंश वर दिसतो, आणि त्या दुव्याची क्षमता सेकंदाला ५५ मेगाबिट एवढीच होती. ३०० मेगाबिटने दहा मिनिटांत उतरलेला डेटा त्या वाटेने पाठवायचा तर पाऊण तासाहून जास्त वेळ लागेल, तोही दुसरे कोणी रांगेत नसताना. शिवाय विलंब. भूस्थिर उपग्रहावरून एक निरोप जाऊन त्याची पोच परत यायला अर्धा सेकंद लागतो. इंटरनेटचा टीसीपी हा नियम मुळात असा, की पोच येईपर्यंत पाठवणाऱ्याने ६४ किलोबाइटपेक्षा जास्त माल पुढे ढकलायचा नाही. दुवा कितीही रुंद असला तरी या हिशेबाने एका जोडणीला सेकंदाला १ मेगाबिटच्या आसपासच वेग मिळतो. ही मर्यादा वाढवण्याची सोय १९९२ मध्ये टीसीपीत झाली. दुव्याच्या दोन्ही टोकांना मध्यस्थ संगणक बसवून पोच लवकर देण्याची युक्तीही वापरात आली. पण अंतर काही कमी होत नाही.

म्हणून केबल आली. नासा आणि अमेरिकेचा हवामान-उपग्रह कार्यक्रम यांच्याशी झालेल्या कराराच्या बळावर नॉर्वेने २००३ मध्ये लाँगइयरब्येनपासून मुख्य भूमीवरच्या हारस्टाजवळच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रतळाशी दोन फायबर केबली टाकल्या. प्रत्येकीची लांबी १,३०० किलोमीटरच्या वर. २००४ च्या सुरुवातीला त्या चालू झाल्या आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ अर्ध्या सेकंदावरून सुमारे १५ मिलिसेकंदांवर आला. अँटेनांची संख्या पुढे एवढी वाढली ती या केबलींमुळेच, असे मला वाटते. घुमटांची छायाचित्रे सगळीकडे छापून येतात. समुद्रतळाच्या त्या दोन तारांना कोणी विचारत नाही.

त्या किती नाजूक आहेत हे ७ जानेवारी २०२२ ला कळले. लाँगइयरब्येनपासून १३० ते २३० किलोमीटरच्या टप्प्यात, जिथे तळ ३०० मीटरवरून एकदम २,७०० मीटर खोल जातो, तिथे एका केबलीत बिघाड झाला. दुसरी शाबूत होती म्हणून काम थांबले नाही. दोन केबली टाकण्याचा जादा खर्च त्या दिवशी वसूल झाला.

या दुव्याचा आपल्याशी संबंध आहे. युरोपच्या मेटॉप उपग्रहांचा डेटा २००६ पासून इथे उतरतो, जर्मनीत डार्मश्टाटला जातो आणि तिथून जगभर वाटला जातो. भारताची हवामान प्रारूपेही तो वापरतात. ढगांआडून पाहणाऱ्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचेही स्वालसॅट हे एक मुख्य केंद्र आहे. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पुराचे पाणी कुठवर पसरले होते याचे नकाशे अभ्यासकांनी याच उपग्रहाच्या चित्रांवरून काढले. उलट टोकाला, अंटार्क्टिकावरच्या भारती स्थानकात, भारताने २०१३ मध्ये असेच केंद्र उभारले. पण अंटार्क्टिकापर्यंत समुद्राखालची एकही केबल पोहोचलेली नाही, म्हणून तिथला डेटा आजही भूस्थिर उपग्रहावरूनच हैदराबादजवळच्या शादनगरला येतो. प्लातोबर्गेतची पूर्वीची अडचण तिथे अजून जिवंत आहे.

स्पिट्सबर्गनवरच आणखी उत्तरेला न्यू-ओलेसुन्ड ही संशोधकांची वस्ती आहे. भारताचे हिमाद्री स्थानक तिथे २००८ पासून आहे. दूरच्या क्वेसारांचे क्षीण रेडिओ संकेत टिपणाऱ्या वेधशाळेला व्यत्यय नको म्हणून त्या वस्तीत वायफायला बंदी आहे. लाँगइयरब्येनहून २०१५ मध्ये तिथवरही फायबर केबल टाकली गेली. दक्षिणेच्या दोन मूळ केबली आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्या जागी बोडोहून यान मायेन बेटामार्गे लाँगइयरब्येनला येणारी 'आर्क्टिक वे' ही नवी केबल टाकायचे काम नॉर्वेने हाती घेतले आहे.