वाटेवरची पाटी

मंडळी, आपण अक्षरे शिकलो ती कशासाठी? नुसती पुस्तके वाचण्यासाठी नव्हे. अडल्या वेळी अक्षर कामाला आले पाहिजे.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. खेड्यातल्या माणसांचे पायच मोडले म्हणा ना! आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका बाईंची लेक तेव्हा शिरूरला बाळंत झाली. बाई भावाला घेऊन पुणे-नगर रस्त्यावर सुप्याला येऊन उभ्या राहिल्या. हातातल्या पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिले होते, "माझी लेक दवाखान्यात आहे. कृपा करून आम्हाला शिरूरपर्यंत न्या." लिहिण्यात एक चूक नव्हती. पण दोन तास झाले, एकही गाडी थांबेना.

लोक निर्दय होते का? नाही. त्यांना पाटी वाचताच आली नाही.

हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. बोटाच्या पेराएवढे अक्षर फार तर ८-१० मीटरांवरून वाचता येते. म्हणजे ड्रायव्हरला मिळाला अर्धा सेकंद! तेवढ्यात एवढा मजकूर कोण वाचणार?

मग पाटी कशी करावी?

१. एकच शब्द लिहावा, गावाचे नाव. बाकीचे गाडी थांबल्यावर तोंडाने सांगावे. आपले गाव आडबाजूला असेल, तर रस्त्यावरच्या ठाऊक गावाचे किंवा फाट्याचे नाव लिहावे.

२. अक्षर वीतभर उंच असावे. ते ५०-६० मीटरांवरूनही दिसते. खोक्याचा मोठा पुठ्ठा किंवा खताच्या गोणीची कोरी पांढरी बाजू चालते.

३. पांढऱ्यावर काळे लिहावे. रंग नसेल तर कोळसा वाटून डिंकाच्या पाण्यात कालवावा. कडुलिंबाची काडी चावली की कुंचला झाला. रेघ बोटाएवढी जाड काढावी.

४. आधी जागा आखावी. वर वेलांटी-मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडावी. नाही तर शेवटचे अक्षर कोपऱ्यात चेंगरते. शिर्डी आणि शिरूर यांची सुरुवात सारखीच. पण नगरहून शिर्डी एका रस्त्याला आणि शिरूर दुसऱ्याच रस्त्याला! म्हणून रफार आणि उकार ठळक हवेत.

उभे कुठे राहावे, हेही महत्त्वाचे आहे. वळणावर किंवा उतारावर नको. गाडीचा वेग जिथे कमी होतो आणि बाजूला थांबायला जागा असते, तिथे रस्त्याच्या कडेला, डांबर सोडून उभे राहावे. ताशी २० किलोमीटरने येणारी गाडी ५० मीटर यायला नऊ सेकंद घेते. तेवढ्यात पाटी वाचूनही होते आणि ब्रेकही लागतो. पाटी छातीशी सरळ धरावी. हलवू नये.

आता जपण्याच्या गोष्टी. एकट्याने जाऊ नये. अंधार पडल्यावर उभे राहू नये. ड्रायव्हर प्यालेला वाटला, तर "नको दादा" म्हणावे. ट्रकच्या मालावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसू नये. त्यात जिवाला धोका आहे आणि कायद्यालाही ते मान्य नाही. बसण्यापूर्वी गाडीचा नंबर लिहून घ्यावा आणि घरी फोनवर कळवावा. त्यासाठी इंग्रजी आकडे शिकून ठेवा, बरे का! आणि माणूस आजारी असेल, तर पाटी करत बसू नये. १०८ नंबरला फोन करावा. रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत.

त्या बाईंनी शेवटी काय केले? पुठ्ठा उलटा केला. चहाच्या टपरीतून कोळसा मागून घेतला आणि वीतभर अक्षरांत लिहिले, "शिरूर". मग टपरीपाशी, गाड्या हळू होतात तिथे, दोघे बहीण-भाऊ उभे राहिले. थोड्या वेळाने एक जीप थांबली. आत नवरा-बायको आणि मुले होती. दिवस मावळायच्या आत बाईंनी नातीचे तोंड पाहिले.

पुढच्या वर्गाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "गुरुजी, आधी मी माझ्या मनातलं लिहिलं होतं. मग वाचणाऱ्याला काय पाहिजे, ते लिहिलं."

मंडळी, पाटी असो, अर्ज असो की पत्र असो, हा धडा सगळीकडे उपयोगी पडतो.