हालचालीची लपाछपी : ‘योहान सेबास्टियन जाउस्ट’

व्हिडिओ गेम म्हणजे पडद्यावरील चित्रांशी खेळणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डग्लस विल्सन यांनी रचलेला व २०११ मध्ये सादर झालेला ‘योहान सेबास्टियन जाउस्ट’ हा खेळ या समजुतीस छेद देतो. कारण त्यात पाहावयास पडदाच नाही.

प्रत्येक खेळाडूच्या हाती हालचाल टिपणारा ‘प्लेस्टेशन मूव्ह’ हा नियंत्रक असतो. त्यास ठरावीक मर्यादेपलीकडे हिसका बसला की खेळाडू बाद होतो. बाखचे संगीत संथ वाजत असताना ही मर्यादा अत्यल्प असते. लय वाढताच ती शिथिल होते. स्वतःचा हात स्थिर राखून इतरांच्या नियंत्रकास धक्का द्यावयाचा आणि अखेरपर्यंत टिकावयाचे, हा नियम. लपाछपीत शरीर लपवावे लागते. येथे हालचाल लपवावी लागते.

यंत्र केवळ हिसका ओळखते. धक्का रास्त होता की नाही, हे त्यास कळत नाही. तो निवाडा मैदानी खेळाप्रमाणे खेळाडूंनीच आपसांत करावयाचा असतो. म्हणूनच संगणकीय खेळाचे मूल्यमापन केवळ चित्रण व तंत्र यांवरून करणे अपुरे ठरते. यंत्राने माणसांच्या परस्परव्यवहारास किती वाव ठेवला, हाही त्याचा निकष मानला पाहिजे.