रिझर्व्हचा दिवा

गेल्या आठवड्यात आपण जुन्या गाडीच्या अर्थच्या वायरी पाहिल्या. त्यांचंच पुढचं काम या आठवड्यात: तेल संपत आल्याचा दिवा ज्या गाडीत मुळात नाही, तिला तो बसवणं.

जुन्या बजाज चेतकला तेलाचा काटा नव्हता. इंजिन अडखळलं की हात सीटखालच्या कॉककडे जायचा, कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरला की स्कूटर पुन्हा धावायची. टाकीत एक उंच आणि एक बुटकी वाट, एवढीच ती रचना. फोक्सवॅगनच्या बीटललाही १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता, पायाशी रिझर्व्हचा खटका होता. चारचाकीत काटा आला आणि ही सोय गेली. काटा अंदाज सांगतो, रिझर्व्हचा कॉक मात्र ठाम सांगायचा. जुन्या जीपचा काटा वळणावर डोलतो, चढावर भलतंच दाखवतो आणि नेमका तळाशी आल्यावर सगळ्यात कमी भरवशाचा असतो.

पनवेलच्या गाडीवाल्याला हे जास्त जाचतं. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलं की पुढे बोरघाट. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला, लोणावळा सहाशे मीटरच्या वर. पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे वळलं तर कर्नाळ्याची खिंड. पेट्रोलची गाडी बंद पडली तर कॅनने पेट्रोल आणून बहुधा सुटका होते. डिझेल संपलं की पंप एअर घेतो. मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा, तरी नाही जमलं तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट सैल करून स्टार्टर मारायचा. हे सगळं घाटातल्या वळणावर, मागून कंटेनर येत असताना. दोन-तीनशे रुपयांच्या सुट्या भागांत हा धोका टळत असेल, तर तो टाळलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीत एक फ्लोट असतो. तो वर-खाली होतो तशी त्याच्या दांडीला जोडलेली विरोधाची पट्टी बदलते आणि त्यावर काटा हलतो. काही फ्लोटमध्ये तळाशी वेगळा संपर्क असतो आणि त्यासाठी जादा टर्मिनल असतं. आपल्या फ्लोटला ते असेल तर किल्लीवरून येणारी, फ्यूज असलेली वायर दिव्यातून त्या टर्मिनलला नेली की झालं. दुसरी रीत थर्मिस्टरची. तेलात बुडालेला थर्मिस्टर थंड राहतो आणि वीज अडवतो; तेल खाली गेलं की तापतो, विरोध घटतो, दिवा लागतो. तापायला वेळ लागत असल्याने तेल हिंदकळलं तरी दिवा लुकलुकत नाही. रीत सुंदर आहे, पण पेट्रोलच्या टाकीत घरी बनवलेला थर्मिस्टर कधीही सोडू नये.

बहुतेक जुन्या गाड्यांना तिसरी रीत सोयीची, कारण तिच्यात टाकी उघडावीच लागत नाही. फ्लोटची वायर काट्यापर्यंत आलेलीच असते. तिच्यावरचा व्होल्टेज एलएम २९०३सारख्या कंपॅरेटरला द्यायचा आणि प्रीसेटने हद्द ठरवायची. कंपॅरेटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे काट्याचं दाखवणं बिघडत नाही. आधी मल्टिमीटर लावा: काही गाड्यांत टाकी रिकामी होताना विरोध वाढतो, काहींत घटतो, आणि त्यानुसार जोडणी उलटते. पहिल्या प्रकारात वायर तुटली तर दिवा लागतो, म्हणजे निदान कळतं. दुसऱ्या प्रकारात तुटलेली वायर भरलेल्या टाकीसारखी दिसते. रेझिस्टर-कपॅसिटरचा मिनिटभराचा उशीर हवाच, नाहीतर प्रत्येक वळणावर दिवा लागेल आणि आठवड्याभरात तुम्ही त्याच्याकडे बघणं सोडाल. जुन्या काट्यांना थांबत-थांबत वीज देणारा स्टॅबिलायझर असेल, तर तोच उशीर ती धडधडही सपाट करतो.

फ्लोट काढावाच लागला तर काम उघड्यावर करा आणि आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा. जवळपास रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत हवा आणि वाफ मिसळलेली असते. तिला ड्रिल नाही, वेल्डिंग तर नाहीच.

खरा विचार करायचा तो दिवा किती लिटरवर लागावा याचा, आणि तिथेच लोक घाई करतात. समजा जीप सपाटीला लिटरमागे दहा किलोमीटर देते. घाटात सात धरा. दिवा लागल्यावर चाळीस किलोमीटर जायचं असेल तर सहा लिटर लागतील. शिवाय तळाचं दीड-दोन लिटर ओढलंच जात नाही, आणि चढावर तेल एका बाजूला सरलं की नळी त्याआधीच हवा ओढू लागते. म्हणजे आठ लिटर. कारखान्यात ठरवलेला आकडा सरासरी रस्त्यासाठी असतो. तुमचा रस्ता बोरघाटाचा असेल तर हिशेब बोरघाटाचाच लावा.

दिवा पिवळा घ्या, लाल ऑइल प्रेशर आणि चार्जिंगसाठी राहू दे. किल्ली फिरवल्यावर तो दोन-तीन सेकंद पेटेल अशी जोडणी करा, कारण उडालेला दिवा आणि भरलेली टाकी बाहेरून सारखीच दिसतात. हद्द बसवताना गाडी सपाटीवर उभी करा, टाकी रिकामी करून मोजून आठ लिटर घाला आणि दिवा लागेपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरवा. उशीर लक्षात ठेवून प्रत्येक फिरवणीनंतर मिनिटभर थांबा. पावसाळा संपल्यावर हे मोजमाप पुन्हा तपासा. पनवेलच्या खाडीकाठच्या दमट हवेत टाकीजवळचं अर्थचं टोक गंजतं, विरोध वाढतो, आणि दुसऱ्या प्रकारच्या फ्लोटमध्ये त्यामुळे दिवा उशिरा लागतो. टोक घासून, नट आवळून वर ग्रीस लावलं की हद्द जागेवर येते.