जानेवारीतला प्रवेश म्हणजे अर्ध्यावर चढणं नव्हे

ऑगस्ट उलटला आणि कॉलेजात नाव लागलेलं नसलं, की घरात एकच वाक्य ऐकू येऊ लागतं: ‘वर्ष वाया गेलं.’ कुणाचा निकाल अडकलेला असतो, कुणी आजारी पडलेलं असतं, कुणी नीटच्या तयारीत पदवीचा अर्जच भरलेला नसतो. मग डिसेंबरात कुणीतरी सांगतं, की आता जानेवारीतही प्रवेश मिळतो. ते खरं आहे. पण त्याभोवती इतकी अर्धवट माहिती फिरत असते, की मुलं एकतर संधी सोडतात किंवा भलत्याच ठिकाणी पैसे भरून बसतात. दोन्हींचं वाईट वाटतं, कारण दोन्ही टाळता येतं.

सर्वांत जास्त पसरलेली समजूत अशी, की यूजीसीनेच, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सांगितलं आहे, तेव्हा प्रत्येक कॉलेजने जानेवारीत प्रवेश द्यायलाच हवा. तसं नाही. विद्यापीठांना वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश देता येतील असं यूजीसीचे तेव्हाचे अध्यक्ष एम. जगदेश कुमार यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं. २०२५ च्या नियमावलीतही ही तरतूद आली. पण ती मुभा आहे, सक्ती नाही. जानेवारीची तुकडी घ्यायची तर तिच्यासाठी वेगळं वेळापत्रक, वर्ग आणि शिक्षक लागतात. ते नाहीत म्हणून गावातलं कला-वाणिज्य महाविद्यालय नाही म्हणालं, तर ते नियम मोडत नाही. वाद घालत बसण्यापेक्षा कोणतं विद्यापीठ, कोणत्या अभ्यासक्रमाला जानेवारी सत्र देतं ते पाहावं.

ही सोय खऱ्या अर्थाने रुळली आहे ती दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणात. १९८५ मध्ये स्थापन झालेलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, अनेक वर्षं जुलै आणि जानेवारी अशी दोन सत्रं चालवतं. पुणे, मुंबई, नागपूरला त्याची प्रादेशिक केंद्रं आहेत. यूजीसीने दिलेल्या आकड्यांनुसार जुलै २०२२ मध्ये देशभरात १९,७३,०५६ विद्यार्थ्यांनी दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांना नावं घातली आणि जानेवारी २०२३ मध्ये आणखी ४,२८,८५४ जणांनी. तेव्हा ‘जानेवारीत कोण जातं?’ या प्रश्नाचं उत्तर चार लाखांहून मोठं आहे. मात्र सगळेच अभ्यासक्रम दोन्ही सत्रांत उघडत नाहीत, त्यामुळे त्या सत्राचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय काहीच गृहीत धरू नये.

‘पण पहिलं सेमिस्टर बुडालं ना?’ हा पालकांचा हमखास प्रश्न. नाही बुडत. जानेवारीत येणारा विद्यार्थी जुलैच्या तुकडीत मधूनच घुसत नाही. त्याचा अभ्यास पहिल्या धड्यापासूनच सुरू होतो आणि पदवीचा कालावधीही तेवढाच राहतो. हिशोब मांडायचा तो दुसऱ्या टोकाचा. समजा, जानेवारी २०२७ मध्ये तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतला. ती डिसेंबर २०२९ च्या परीक्षेने संपेल आणि निकाल २०३० उजाडल्यावर हाती येईल. पुढे एखाद्या नेहमीच्या विद्यापीठात एम.ए. किंवा एम.कॉम. करायचं असेल, तर तिथले वर्ग जुलै २०३० च्या सुमारास सुरू होतील. जुलै २०२७ पर्यंत थांबलेला मित्रही बरोबर त्याच वेळी तिथे पोचेल. म्हणजे पदव्युत्तर प्रवेशापुरतं पाहिलं तर फायदा नाही. फायदा आहे तो नोकरीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी पदवी लवकर हवी असणाऱ्याला, आणि प्रवेशपरीक्षेच्या तयारीला मोकळे महिने हवे असणाऱ्याला. आपण यातले कोण, हे अर्ज भरण्याआधी ठरवावं.

बारावीची पुरवणी परीक्षा देणाऱ्यांबद्दल मला विशेष कळकळीने सांगावंसं वाटतं. ही परीक्षा जून-जुलैत होते, आणि निकाल लागल्यावर ‘आता थेट जानेवारीत बघू’ असं म्हणून अनेक घरं गप्प बसतात. मुक्त विद्यापीठांच्या जुलै सत्राची मुदत पुष्कळदा सप्टेंबरपर्यंत वाढलेली असते. आधी तिथे चौकशी करा. जानेवारी त्यानंतरची वाट.

कॉलेज बदलणं आणि नवा प्रवेश यांचीही गल्लत होते. पहिलं वर्ष झालेलं आहे आणि दुसरीकडे जायचं आहे, तर ते क्रेडिट हस्तांतराचं काम. त्याचे नियम वेगळे, आणि नवं विद्यापीठ किती क्रेडिट मान्य करतं यावर सगळं अवलंबून.

दूरस्थ पदवीला किंमत नाही, हे तर नातेवाइकांचं ठरलेलं मत. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. अट एकच: त्या वर्षी, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला मान्यता हवी. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा असे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने देताच येत नाहीत, त्यामुळे जानेवारीत ‘घरबसल्या एलएलबी’ देणाऱ्याच्या दारात पाऊलही टाकू नये. उलट, आहे ते कॉलेज सोडूनच जानेवारीचा अर्ज भरावा लागतो, ही भीती मात्र निराधार आहे. एप्रिल २०२२ पासून एक पदवी नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन अशा दोन्ही एकाच वेळी करता येतात.

‘मुदत वाढतेच, काय घाई?’ हेही खूप ऐकू येतं. मुदत बऱ्याचदा वाढते, पण परीक्षा त्याप्रमाणात पुढे जात नाही. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात होतात, आणि जूनच्या परीक्षेसाठीच्या असाइनमेंट साधारण एप्रिलअखेर द्याव्या लागतात. त्यांना बहुतेक विषयांत ३० टक्के भार असतो. अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीचा असेल, तर मार्चच्या शेवटी नाव घालणाऱ्याच्या हातात महिनाच उरतो.

शेवटी पैशांचं. ‘सीट कन्फर्म करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाची इथे गरजच नाही. दूरस्थ शिक्षणात फ्रँचायझी देण्यास यूजीसीची बंदी आहे. अर्ज विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर भरायचा आणि शुल्कही तिथेच. त्याआधी अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी आणि त्याच्या आधारे यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या (डेब) पोर्टलवर डेब आयडी काढावा लागतो. दोन्ही विद्यार्थी स्वतः काढू शकतो. मोबाइल क्रमांक आणि ईमेल मात्र स्वतःचाच द्यावा, सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढच्या वर्षाची पुनर्नोंदणी त्याच खात्यातून करायची असते, आणि इग्नूत ती पहिल्या वर्षाचे पेपर राहिले असले तरी करता येते.