भाभांच्या तारेपासून खोडदपर्यंत

वर्षअखेरीच्या आढाव्यात टीमच्या प्रमुखाला विचारलं जातं: उद्दिष्ट गाठलं का, खर्च आटोक्यात राहिला का? या कामानं तुमची माणसं किती वाढली, हे क्वचितच कुणी विचारतं. मला तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिली चाळीस वर्षं तो मनात धरून पाहिली, तर पुष्कळ काही हाती लागतं.

१९६१ साली परदेशात असलेल्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी इथल्या काही संस्थांना कळवलं, की आम्हाला परत येऊन एकत्र काम करायचं आहे. जानेवारी १९६२मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक होमी भाभा यांची तार गेली: संस्थेत असा गट उभारायचं ठरलं आहे. चौघांपैकी गोविंद स्वरूप १९६३मध्ये मुंबईत रुजू झाले. तेव्हा ते चौतिशीत होते आणि देशात या विषयाची परंपरा जवळपास नव्हतीच. भाभांनी आधी माणूस पारखला, मग त्याच्याभोवती काम वाढू दिलं. आपल्याकडे मात्र आधी पदाची चौकट आखतात आणि मग तिच्यात बसणारा माणूस शोधतात. तुमच्या टीममध्ये शेवटची नेमणूक यांपैकी कोणत्या रीतीनं झाली?

सुरुवात लहान होती. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या १९६५मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि सूर्याचा वेध घेऊ लागल्या. नव्यानं आलेल्या तरुणांचे हात या कामावर बसले. पण या लहान यंत्रावर त्यांना फार काळ रेंगाळू दिलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. लगेच उटीची दुर्बीण हाती घेतली गेली: ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. तिथला अक्षांश सुमारे ११ अंश. तितक्याच उताराची उत्तर-दक्षिण टेकडी शोधून काढली, म्हणजे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो आणि ती एकाच अक्षाभोवती फिरवून तासन् तास आकाशातल्या स्रोताचा माग घेता येतो. आराखडा आणि बांधणी इथलीच. असं काम इथं पूर्वी कुणी केलेलं नव्हतं, म्हणून अनुभवी माणूस मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. अनुभव कामातच मिळवायचा होता. तुमच्याकडच्या कुणाला त्याच्या आवाक्यापेक्षा थोडं मोठं काम तुम्ही शेवटचं केव्हा दिलंत? दिल्यावर दर दोन दिवसांनी ते परत स्वतःकडे ओढून घेतलंत का?

याच काळात, जानेवारी १९६६मध्ये, भाभा विमान अपघातात गेले. काम थांबलं नाही. १९७०मध्ये उटीची दुर्बीण सुरू झाली.

पुढचा पल्ला मात्र सरळ नव्हता. विषुववृत्तावर दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण उभारायची योजना बरीच वर्षं मांडली गेली. ती प्रत्यक्षात आली नाही. इतकी मोठी योजना बारगळली, की एरवी गट पांगतो, जो तो आपापली सोय पाहतो. इथं तसं झालं नाही. त्याच मंडळींनी १९८०च्या दशकात नारायणगावजवळच्या खोडदची योजना आखली: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. एवढ्या मोठ्या तबकड्या परवडाव्यात म्हणून भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर तारेची हलकी जाळी बसवली. फसलेल्या योजनेनंतर त्याच लोकांकडे नवं काम विश्वासानं सोपवणं, ही नेतृत्वाची अवघड कसोटी आहे. तुमच्याकडे एखादा प्रकल्प बंद पडला, तेव्हा त्यात राबलेल्यांचं पुढं काय झालं?

खोडदचं काम चालू असतानाच स्वरूप यांच्याकडून ते काम करणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची धुरा त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या विजय कपाही यांच्याकडे आली. कपाही १९९९मध्ये अकाली गेले. तरी ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण झाली, कारण एकाच्या जागी उभा राहील असा दुसरा, आणि त्याच्याही मागे तिसरा, आधीपासून कामात मुरलेला होता. तुमच्यामागे आज असं कोण आहे, आणि ते त्यांना ठाऊक आहे का?