मानेले : रोमानियाचे नावडते लोकप्रिय संगीत

रोमानियातील संगीतवाहिन्यांवर रात्री उशिरापर्यंत दोन वेगळी विश्वे नांदताना दिसतात. एत्नो टीव्हीसारख्या वाहिनीवर भरतकामाचे पारंपरिक पोशाख ल्यालेले गायक ‘मुझिका पोपुलारा’, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या लोकगीतांना रंगमंचासाठी घोटून सादर केलेले संगीत, गातात; तर ताराफ टीव्हीसारख्या वाहिनीने ‘मानेले’ घराघरांत पोहोचवले, ज्यात सिंथेसायझर व अ‍ॅकॉर्डियनच्या ठेक्यावर प्रेम, पैसा आणि जळणारे शत्रू यांची गाणी होतात. पहिल्याला राष्ट्रीय वारशाचा मान मिळतो, दुसऱ्याला सवंगपणाचा शिक्का. परंतु दोन्हींच्या मुळाशी बव्हंशी एकच वादकवर्ग आहे.

हा वर्ग म्हणजे ‘लाउतार’. पिढीजात वादनावर उपजीविका करणारे हे कलावंत प्रामुख्याने रोमा समाजातले असून, या समाजाची मूळ भाषा मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातली आहे. वालाकिया व मोल्दाविया या संस्थानांत रोमा लोक 1855-56 पर्यंत गुलाम होते. तेथे ऑस्मानी प्रभावातून रुजलेली ‘मानेआ’ ही संथ, पौर्वात्य वळणाची नृत्यचाल लाउतारांनी वाजवली आणि आजच्या प्रकाराला तिचेच नाव मिळाले.

साम्यवादी राजवटीने लोकसंगीताला सरकारी आश्रय दिला, पण तो निवडक होता. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण कामाच्या दिवशी दोन तासांवर आले असताना, मानेले मात्र लग्नांत आणि हातोहाती फिरणाऱ्या कॅसेटवर फोफावले. 1989च्या क्रांतीनंतर बंधने सुटली आणि आद्रियान मिनुने, निकोलाए गुत्सा, फ्लोरिन सालाम यांची नावे सर्वतोमुखी झाली.

या संगीताचे अर्थकारण लग्नमंडपातील ‘देदिकात्सिए’मध्ये, म्हणजे फर्माइशीच्या प्रथेत, स्पष्ट दिसते. पाहुणा गायकाच्या हाती नोटा ठेवतो, गायक त्याचे व त्याच्या आप्तांचे नाव गाण्यात गुंफून ध्वनिक्षेपकावरून मिरवतो, आणि ते ऐकून दुसरा चढाओढीने अधिक मोठी रक्कम पुढे करतो. गाण्यातल्या पैशाच्या बढाईवर नाके मुरडली जातात खरी, पण लाउतारांना असे उघडपणे पैसे देण्याची रीत मानेलेच्या लाटेपूर्वीपासूनची आहे.

2024च्या जून महिन्यात बुखारेस्टच्या मैफलीत कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाने बाबाशा या मानेले गायकाला मंचावर बोलावले, तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उडाली. लग्नात मानेलेवर नाचणाऱ्या समाजाला ते चारचौघांत आपले म्हणवत नाही; यात अभिरुचीचा प्रश्न आहेच, परंतु रोमांविषयीच्या जुन्या तुच्छतेचाही वाटा आहे, आणि नावडतीचे मीठ अळणी ठरते ते यामुळेच.